लग्नाची छायाचित्रे आणि आपली माणसे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून बोलण्याची संधी जेव्हा जेव्हा मिळाली, तेव्हा आम्ही मुलांच्या शिक्षणाविषयीच बोलत आलो. जन्मभर खडू आणि फळा यांच्याशी संबंध आलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही कोणी करीत नाही. म्हणून यंदा चिटणीसांनी विषय विचारला आणि आम्ही ‘लग्नाची छायाचित्रे’ असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. विषय किरकोळ आहे, असे त्यांच्या मनात आले असावे. तो तसा नाही, एवढेच आपणांस पटवून द्यावयाचे आहे. कॅमेऱ्याचे जाणकार असल्याचा आमचा दावा नाही. या कामात एक मोठी चूक करून बसलेला गृहस्थ, एवढ्याच नात्याने आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

आमचे स्वतःचे लग्न १९८४ साली झाले. तालुक्याच्या गावाहून छायाचित्रकार एस. टी. ने आला. त्या काळच्या त्या रुंद रोलमध्ये बाराच चित्रे निघत. आमच्या वडिलांनी दोन रोलचे पैसे कबूल केले होते. म्हणजे सारे मिळून चोवीस फोटो. प्रत्येक फोटोच्या आधी तो गृहस्थ विचारी, “आता कोणाचा काढू?” आणि वडील विचार करून माणसांना हाक मारीत. त्या चोवीस चित्रांपैकी सहांत आमच्या मातोश्री आहेत. नव्या सुनेने माप ओलांडले, त्या वेळी दारात उभ्या असलेल्या आईचा चेहरा आजही त्या काळ्यापांढऱ्या कागदावर स्पष्ट दिसतो.

पुढे २०११ साली आमच्या कन्येचे लग्न झाले. दोन छायाचित्रकार होते, एक व्हिडिओवाला होता, दिव्यांच्या छत्र्या होत्या. अकराशेंहून अधिक फोटो निघाले. तीन वर्षांनी मातोश्री निवर्तल्या. भिंतीवर लावण्यासाठी फोटो हवा, म्हणून आम्ही ते अकराशे फोटो एकेक करून पाहिले. त्यांत आई सापडली ती एकाच ठिकाणी. आणि तीही पुरती नव्हे. अक्षतांचे ताट पुढे करणारा एक हात तेवढा कडेला आला होता. मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता, म्हणून तो हात तिचा, हे ओळखता आले. आज आमच्या भिंतीवर आहे तो तिच्या आधारकार्डावरचा फोटो, मोठा करून घेतलेला.

घरी आलेल्या प्रत्येकाला आम्ही सांगत असू, की आई दिवसभर कोठीत होती, सामान काढून देत होती, त्यामुळे राहून गेले. या उत्तराकडे आम्ही शेवटी पुन्हा येऊ. तूर्त एवढेच, की चोवीस फोटोंत जे साधले ते अकराशेंत साधले नाही. चित्रांची संख्या वाढली, पण “कोणाचा काढू?” हा प्रश्न कोणी विचारीनासे झाले. त्या चुकीनंतर ज्ञातीतील अनेक लग्नांत आम्ही मुद्दाम लक्ष घालून पाहिले. त्यातून जे चार धडे मिळाले, ते आपणांपुढे ठेवितो.

पहिला धडा यादीचा. लग्नघरात याद्यांना तोटा नसतो. किराण्याची यादी असते, आहेराची असते, निमंत्रितांची असते. तशीच फोटोंची एक यादी हवी. छायाचित्रकार परका असतो. आत्या कोण आणि मामी कोण, वधूला लहानपणी अंगाखांद्यावर खेळविणाऱ्या शेजारच्या काकू कोणत्या, हे त्याला कसे कळावे? तो झगमगीत शालू आणि पुढे पुढे करणारी माणसे टिपतो. त्यात त्याचा दोष नाही. यादी दोन्ही घरांनी मिळून, लग्नाच्या आठ दिवस आधी करावी, आणि तिच्या शिरोभागी सर्वांत वयोवृद्ध माणसांची नावे घालावी. एकेका समूहाला उभे करून फोटो घेण्यास दोन-तीन मिनिटे सहज लागतात. वीस समूह म्हटले की तास गेला. म्हणून समूह दहा-बारांहून अधिक नसावेत. याशिवाय दोन्ही बाजूंचा एकेक चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी हाका मारण्यासाठी नेमावी. सर्वांना ओळखणारा आणि कोणाला भिडस्तपणा न दाखविणारा असा माणूस जवळ असेल, तर छायाचित्रकाराचे निम्मे काम झालेच म्हणून समजावे.

दुसरा धडा वेळेचा. मुहूर्त धरून उलट मोजीत यावे. मुहूर्त दुपारी बारा वाजून वीस मिनिटांचा असेल, तर वधूची तयारी अकराला पुरी व्हावयास हवी. आणि ती पुरी होण्यास सांगितल्यापेक्षा अर्धा-पाऊण तास अधिक लागतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तेव्हा तो अर्धा तास आधीच हिशेबात धरावा. वृद्धांचे फोटो मुहूर्तापूर्वी, गौरीहराच्या पूजेच्या आगेमागे, खुर्च्या मांडून घ्यावे. सायंकाळच्या स्वागतसमारंभापर्यंत त्यांना तिष्ठत ठेवू नये. तोवर त्यांचे पाय सुजतात, चेहरे उतरतात, कित्येकदा ते निघूनही गेलेले असतात. वधूवरांनाही दोन घास खाऊ घालावे. उपाशी माणसाच्या चेहऱ्यावर हसू आणता येत नाही, मग कॅमेरा कितीही किमती असो.

तिसरा धडा प्रकाशाचा. वैशाखातील दुपारचे ऊन डोक्यावरून सरळ खाली येते. डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात आणि माणसे डोळे बारीक करतात. तेथे फोटो घेण्यापेक्षा ओसरीच्या कडेला, सावलीत पण उघड्या आभाळाकडे तोंड करून उभे राहिल्यास चेहरा नितळ दिसतो. खोलीत असल्यास खिडकी पाठीशी न घेता समोर किंवा बाजूला घ्यावी. सकाळी आठपर्यंतचे आणि सूर्यास्तापूर्वीच्या तासाभराचे ऊन सर्वांत मऊ असते. वधूवरांची जोडीची चित्रे त्या वेळी घ्यावी. गोरज मुहूर्त असेल तर विशेष सावध राहावे. आपल्याकडे मार्गशीर्षात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मग पाहता पाहता अंधार होतो. मंडपाच्या कापडाचाही विचार करावा. लाल-पिवळ्या छतातून ऊन गाळून आले की सगळी माणसे त्याच रंगाची दिसतात. वरचे छत पांढरे असावे, हौसेचे रंग बाजूच्या कनातींना द्यावे. व्यासपीठामागे डोळे दिपविणारे दिवे लाविले तर पुढे बसलेल्यांचे चेहरे काळवंडतात, हेही मंडपवाल्याला बजावून ठेवावे.

चौथा धडा मर्यादेचा, आणि तो थोडा कडू आहे. मंगलाष्टके सुरू झाली की आपल्याकडे काय होते? पाचपन्नास मंडळी मोबाइल उंचावून बोहल्याभोवती कडे करतात. अंतरपाट दूर होतो, एकमेकांच्या गळ्यांत माळा पडतात, आणि पहिल्या रांगेत मुद्दाम बसविलेल्या आजोबांना काय दिसते? पाठी दिसतात. छायाचित्रकाराच्या चित्रातही वधूवरांपेक्षा मोबाइलच अधिक येतात. म्हणून मंगलाष्टकांपूर्वी घरच्या वडीलधाऱ्या माणसाने हात जोडून विनंती करावी, की ही दहा मिनिटे मोबाइल खिशात ठेवावे आणि हातांत अक्षता घ्याव्या. विनंती गोड शब्दांत केली, तर लोक ऐकतात. आम्ही हे तीन लग्नांत पाहिले आहे.

छायाचित्रकारालाही मर्यादा हवी. मंगळसूत्र बांधून झाल्यावर “पुन्हा एकदा बांधा, नीट आले नाही” असे त्याने म्हणावे आणि गुरुजींनी मंत्र थांबवून वाट पाहावी, हे शोभत नाही. विधी म्हणजे नाटकाची तालीम नव्हे. यावर उपाय सोपा आहे. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी गुरुजी आणि छायाचित्रकार यांना एकत्र बसवून चहा पाजावा. कन्यादान कोठे, होम कोठे, कोण कोणत्या दिशेला तोंड करून बसणार, सप्तपदी कोणत्या बाजूने, हे गुरुजींनी सांगावे. छायाचित्रकाराने आपल्या दोन-तीन जागा त्याप्रमाणे ठरवाव्या. मग कोणी कोणाला अडवीत नाही, आणि पाहुण्यांनाही लग्न दिसते.

खर्चाविषयी एक शब्द. हल्ली लग्नापूर्वी दूरच्या किल्ल्यावर, समुद्रकाठी, नाना पोशाख घालून फोटो काढण्याची रीत पडली आहे. तरुणांच्या हौसेला आमची हरकत नाही. मात्र कर्ज काढून ती करू नये. त्या खर्चाचा काही भाग वाचवून प्रत्यक्ष लग्नाच्या दिवशी आणखी एक छायाचित्रकार घ्यावा, आणि त्याला बोहल्याकडे न पाठविता मुदपाकखान्यात, कोठीत, पंगतीत आणि रुखवताजवळ पाठवावे. खपणारी माणसे तेथे असतात. लग्न त्यांच्या जिवावर पार पडते, आणि संग्रहात त्यांचाच मागमूस नसतो.

फोटो जपणे हेही पूर्वतयारीचेच अंग आहे. दागेर नावाच्या फ्रेंच गृहस्थाची छायाचित्राची युक्ती १८३९ साली जगापुढे आली, आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्थाही निघाली. तेव्हाची कित्येक चित्रे आजही डोळ्यांनी पाहता येतात, कारण ती धातूच्या पत्र्यावर किंवा कागदावर आहेत. मोबाइलमधील चित्र मोबाइलबरोबर हरवते. म्हणून सारे फोटो दोन ठिकाणी, शक्यतो दोन घरांत, साठवून ठेवावे. निवडक शंभर तरी छापून घ्यावे. आणि प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, नाती आणि तारीख लिहावी. आज ओळखीची वाटणारी माणसे नातवंडांना अनोळखी होतात.

आता त्या उत्तराकडे येतो. आई कोठीत होती, हे खरे. परंतु ती कोठीत का होती? आमचे वडील १९९६ साली वारले. त्यानंतर कोणत्याही मंगलकार्यात ती आपण होऊन मागे राहू लागली. हळदीला आली नाही, ओटी भरावयास आली नाही, बोहल्याजवळ आली नाही. नातीच्या लग्नात तिने पहाटे चारला उठून साखर मोजून दिली, आणि मुहूर्ताच्या वेळी खांबाआडून अक्षता टाकल्या. आम्ही छत्तीस वर्षे मुलांना समतेचे धडे शिकविले आणि आमच्या स्वतःच्या आईला “पुढे ये, नातीजवळ उभी राहा” असे म्हणावयास आमची जीभ वळली नाही. कोणी काही म्हणेल, ही भीती होती. पाहुण्यांनी काही म्हटले नसते. म्हटले असते तरी काय बिघडले असते?

महर्षी कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला, त्यास आज एकशे तीसहून अधिक वर्षे होऊन गेली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. गावे पुढे चालली आहेत. आपल्या ज्ञातीने मागे का राहावे? आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे, की पुढील वर्षापासून संस्थेच्या वधूवर सूचक शाखेकडून लग्न जमलेल्या प्रत्येक घरी फोटोंच्या यादीचा एक छापील कागद द्यावा. त्यावर पहिली ओळ अशी असावी : “घरातील आजी, आई, आत्या, काकू, मावशी, सधवा असोत वा विधवा, वधूवरांजवळ बसवून.” एवढ्या एका ओळीने रूढी मोडेल असे नाही. पण कोणी तरी कोठीच्या दाराशी जाऊन हाक मारील.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी या हंगामात कार्य आहे, त्यांच्यासाठी आम्ही हे बोललो. ज्यांची माणसे अजून हयात आहेत, त्यांनी ती बोहल्यावर बोलवावी. फोटो मग आपोआप चांगले येतील. प्रकाश थोडा कमी असला, कोणाचे डोळे मिटले गेले, तरी चालेल. आमच्या भिंतीवरचा फोटो सरकारी कॅमेऱ्याने काढलेला आहे, आणि त्यात आई आमच्याकडे पाहत नाही. ती समोरच्या कारकुनाकडे पाहत आहे.