उन्हाळी सुट्टी, संशोधन आणि आपला विद्यार्थी



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान अर्पण केले आहे, त्यांच्या हाताखाली विज्ञान शिकण्याचे भाग्य मला लाभले. पुढे मी इंदुरातच महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविले. त्यामुळे आज येथे बोलताना मनात कृतज्ञता आहे आणि संकोचही आहे. विषय मी मुद्दाम लहानसा निवडला आहे. पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन प्रत्यक्ष संशोधन करणे, एवढाच तो विषय. परंतु या लहान गोष्टीशी आपल्या अनेक मुलांचे भवितव्य निगडित आहे, असे मला वाटते.

प्रथम एका उन्हाळ्याची हकीकत सांगतो. १९२८ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला जगप्रसिद्ध शोध लावला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकणारा एक सतरा वर्षांचा मुलगा त्या प्रयोगशाळेत येऊन राहिला. नव्या शोधाने भारावलेली माणसे, अहोरात्र चाललेली चर्चा, हे सारे त्याने जवळून पाहिले. पुढल्याच वर्षी त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. तो मुलगा म्हणजे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

चंद्रशेखरांची बुद्धी असामान्य होती, हे निर्विवाद. तथापि आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. रामन हे त्यांचे सख्खे काका होते. प्रयोगशाळेचे दार त्यांच्यासाठी घरच्या दारासारखे उघडे होते. मग ज्या मुलाला असे काका नाहीत, त्याने काय करावे? बडवानीचा, खरगोनचा, देवासचा, किंवा आपल्या सियागंजातल्या दुकानदाराचा मुलगा कोणाच्या ओळखीने आत जाणार? उन्हाळी संशोधन कार्यक्रम ही माझ्या मते अशा काका नसलेल्या मुलांसाठी केलेली सोय आहे.

अशी सोय आज आपल्या देशात आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. त्यात बी. एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले सुट्टीतील शिबिरांना जातात आणि त्यांतील काही मुले पुढे मार्गदर्शकाबरोबर प्रकल्प करतात. पुण्याची आयुका ही संस्था १९८८ साली डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. खगोलविज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना तेथे सुट्टीत काम करता येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही असा कार्यक्रम आहे. देशातील तीन विज्ञान अकादमींनी मिळून उन्हाळी शिष्यवृत्त्यांची योजना चालविली असून, निवड झालेला विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या वैज्ञानिकाच्या हाताखाली काम करतो.

आणि आपले इंदूर? १८९१ साली होळकर महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हापासून या शहराला उच्च शिक्षणाची परंपरा आहे. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते सुखनिवासच्या परिसरात प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसविण्यात आली. १९८६ साली मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून वैज्ञानिकांची पहिली तुकडी येथे आली. २००५ सालापासून हे केंद्र डॉ. राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. तेथील 'इंडस-२' या वर्तुळाकार यंत्राचा परीघ सुमारे १७२ मीटर आहे. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात, म्हणजे एका सेकंदात १७ लाखांहून अधिक फेऱ्या घालतात. चुंबकांच्या योगाने वळताना ते जो प्रखर प्रकाश फेकतात, त्याच्या साहाय्याने पदार्थांची अंतर्रचना अभ्यासली जाते. खंडवा रोडवर, देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या परिसरात, विद्यापीठीय संशोधकांना अणुऊर्जा विभागाची साधने उपलब्ध करून देणारी स्वतंत्र संस्था आहे. एवढे सारे आपल्या गावाच्या वेशीत असूनही आपल्या किती घरांतून त्याची चर्चा होते? जत्रेतील पाळणा मुलांना ठाऊक असतो, हे चक्र ठाऊक नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. सुट्टीतील या सात-आठ आठवड्यांत मुलगा असे काय शिकतो, जे वर्गात शिकत नाही?

आपल्या प्रयोगशाळांतील एक सर्वपरिचित रीत पाहा. साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढावयाचे असते. ९.८ हे उत्तर साऱ्यांना आधीच ठाऊक असते. मग कोणाचे ९.४ आले की तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, दोन आकडे बदलतो, आणि वहीवर गुरुजींची सही होते. मुलगा त्या दिवशी लंबक शिकत नाही. डोळ्यांनी पाहिले त्यापेक्षा छापलेले खरे मानावे, हे तो शिकतो. संशोधनाच्या प्रयोगशाळेत ही सोय नसते. तेथे शेजाऱ्याची वही नसते आणि पुस्तकाच्या मागे उत्तरे नसतात. जे दिसले ते लिहावे लागते, आणि ते का दिसले याचा जाब द्यावा लागतो.

माझ्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण देतो. एका प्रयोगशाळेत त्याची उन्हाळ्यासाठी निवड झाली. एका द्रवातून जाणाऱ्या लेसरच्या प्रकाशात होणारे सूक्ष्म फरक मोजण्याचे काम त्याच्याकडे आले. तिसऱ्या आठवड्यात त्याला दिसले की दर दुपारी एक ठराविक वाढ होते. द्रवाचा एखादा नवा गुणधर्म हाती लागला, असे वाटून तो हरखून गेला. त्याच्या मार्गदर्शकांनी त्याला होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. "रात्री मोजून पाहा," एवढेच ते म्हणाले. तीन रात्री जागून त्याने मोजले, आणि रात्री ती वाढ दिसेना. मग त्याने यंत्राशेजारी एक साधा तापमापक टांगला. दुपारी खोलीचे तापमान दोन-अडीच अंश वाढे. त्याने आरसा धरणारी धातूची बैठक किंचित प्रसरण पावे आणि किरण तेवढाच सरके. द्रवाचा त्यात काडीमात्र संबंध नव्हता. उरलेले तीन आठवडे त्याने हे निर्विवाद सिद्ध करण्यात घालविले, आणि आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले की, जे दिसले ते तेथे नव्हते.

घरी परतल्यावर वडिलांनी विचारले, "दोन महिने राहून काय मिळवलंस?" तो म्हणाला, "बाबा, काही मिळालं नाही, हे नक्की केलं." वडील मला म्हणाले, "सर, हे तर तो इथं राहूनही करू शकला असता!" आम्ही दोघेही हसलो. परंतु त्या मुलाने जे मिळविले, ते मी त्याला तीन वर्षांत देऊ शकलो नसतो. आपल्या आवडत्या निष्कर्षावर संशय घेणे आणि तो खोटा ठरला तर स्वतःच्या हाताने तसे लिहिणे, हीच विज्ञानाची दीक्षा होय. आज तो एका जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात शिकवितो. त्याच्या विद्यार्थ्याच्या वहीत ९.४ आले तर ते ९.४ च राहते, आणि चूक कोठे झाली असावी यावर दोन ओळी लिहिल्याखेरीज वहीवर सही होत नाही.

कोणी म्हणेल, यासाठी मोठी प्रयोगशाळाच हवी काय? तसे मुळीच नाही. रामन यांचा पहिला शोधनिबंध १९०६ साली लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ते अठरा वर्षांचे विद्यार्थी होते. महाविद्यालयातील नेहमीच्या वर्णपटमापकात त्यांना प्रकाशाचे असमान पट्टे दिसले आणि त्यांनी त्यांचा पाठपुरावा केला. ते साधन आजही प्रत्येक महाविद्यालयात आहे. परंतु पाठपुरावा करण्याची सवय सहवासाने लागते. तो सहवास या आठ आठवड्यांत लाभतो.

आपल्या शहरात मात्र सुट्टी म्हणजे कोचिंगचा हंगाम झाला आहे. जो मुलगा आवडीने बी. एस्सी.ला जातो, त्याच्याकडे अभियांत्रिकीत प्रवेश न मिळालेला म्हणून पाहिले जाते. दोन वर्षे हे ऐकल्यावर त्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो. अशा मुलाला संशोधनाच्या टेबलाशी बसवून "तुमचे मत काय?" असे कोणी विचारले, तर त्याचा कणा ताठ होतो. हे मी अनेकदा पाहिले आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी तीन मागणी आहेत. पहिली, माहितीची. हे अर्ज बहुधा हिवाळ्यात भरावे लागतात. परीक्षा झाल्यावर चौकशी करून उपयोग नसतो. तेव्हा दिवाळीनंतर शाळेच्या फलकावर, आपल्या बी. एस्सी.त गेलेल्या मुलांसाठी, ही माहिती लागावी. दुसरी, साहाय्याची. अर्ज इंग्रजीत असतो, शिक्षकांचे शिफारसपत्र लागते, आणि आपण संशोधन का करू इच्छितो हे लिहावे लागते. मराठी-हिंदीतून शिकलेला मुलगा येथेच अडतो. आपणांपैकी कोणी एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसले तरी तो पुढे जाईल. तिसरी, निधीची. काही घरांत सुट्टीतील मुलाची मिळकत ही चैन नसते, गरज असते. शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंतचा प्रवासखर्च आणि घरी येणारी तूट भरून काढणारा एक लहानसा निधी गुरुजींच्या नावे उभारता येईल. दरवर्षी एक विद्यार्थी, एवढेच ध्येय पुरे आहे.

गुरुजींचे स्मारक दगडाचे असावे, असे त्यांना खचित वाटले नसते. दरवर्षी आपला एक मुलगा किंवा मुलगी कोणाच्याही ओळखीवाचून, स्वतःच्या अर्जावर, एखाद्या प्रयोगशाळेचे दार उघडून आत गेली, तर त्यांचे स्मरण यथार्थ होईल. पहिल्या विद्यार्थ्याचा प्रवासखर्च मी देईन. पुढील वर्षाचे नाव आज येथूनच निघावे, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.