पहिला क्रमांक आणि पुढची वाट
(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मंडळाने मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा मी माझा बहुमान समजतो. मी विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन मी शिक्षकी पेशात शिरलो आणि सारे आयुष्य खडू-फळ्यात घालविले. तेव्हा जे बोलेन ते अनुभवाचे बोलेन; त्यात काही अधिकउणे झाल्यास आपण सांभाळून घ्यावे.

माझा विषय ऐकून आपणांस नवल वाटेल. मी आज हॉकीविषयी बोलणार आहे. हॉकी म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे मेजर ध्यानचंद उभे राहतात, आपल्या खडकीचे धनराज पिल्ले उभे राहतात. परंतु मला सांगावयाचे आहे ते कॅनडातील बर्फावरच्या हॉकीचे. 2019 साली माझ्या कन्येकडे ओटावा शहरी मी काही महिने राहिलो. तेथे माझा नातू पायांत धारेच्या पट्ट्यांचे बूट घालून बर्फावर हा खेळ खेळतो. चेंडूऐवजी रबराची काळी चकती असते आणि खेळाची गती इतकी, की आपली दृष्टी मागे पडावी. मी रोज कठड्याशी बसून असे. शेजारी बसणारे एक वयोवृद्ध फ्रेंचभाषक गृहस्थ मला खेळ समजावून देत. त्यांच्या तोंडून प्रथम मी अलेक्झांडर डेगल हे नाव ऐकले.

त्या देशांत नॅशनल हॉकी लीग नावाची व्यावसायिक संघांची संघटना आहे. दरवर्षी 18 वर्षांच्या आसपासच्या होतकरू मुलांची तेथे क्रमवार निवड होते. दुबळ्या संघांना प्रथम निवडीची संधी मिळावी, अशी साधारण योजना असते. 1993 साली ओटावाच्या संघाने पहिल्या क्रमांकावर या डेगलला निवडले. क्वेबेक प्रांतातील हा देखणा, चपळ मुलगा तेव्हा 18 वर्षांचा होता. संघ नवा होता आणि आदल्या हंगामात 84 सामन्यांपैकी 70 हरलेला होता. सारे शहर तारणहाराची वाट पाहत होते. त्या मुलाशी 5 वर्षांचा, 1 कोटी 22 लक्ष 50 हजार डॉलरांचा करार झाला. दुसऱ्या क्रमांकावर कोण आला हे कोणाच्याही लक्षात राहत नसते, अशा अर्थाचे उद्गार त्याने त्या प्रसंगी काढले, आणि ते उद्गार त्याला जन्मभर चिकटले.

पुढे काय झाले? पहिल्या हंगामात गोल आणि गोलास साहाय्य मिळून त्याचे 51 गुण झाले. वाईट नव्हे. परंतु त्या लीगमधल्या पुढील साऱ्या कारकिर्दीत एकाही हंगामात तो 51 च्या पुढे गेला नाही. 1998 च्या जानेवारीत ओटावाने त्याला दुसऱ्या संघाकडे धाडले. पंचविशीतच त्याने खेळ सोडून करमणुकीच्या धंद्याची वाट धरली, मग पुन्हा परतला. नवख्या मुलांच्या वेतनावर 1995 साली लीगने जी मर्यादा घातली, तिच्यामागे त्याचाच करार कारण होता असे मानले जाते. आणि तो विस्मृतीत जाणारा दुसरा क्रमांक? तो होता ख्रिस प्राँगर. त्यालाही पहिल्या संघाने दोनच वर्षांत सोडले होते. परंतु 2000 साली तो सर्व लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि 2015 साली हॉकीच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव लागले.

हे ऐकून आपण चटकन म्हणू, की पोरगा गर्वाने बुडाला. मीही त्या गृहस्थांस तसेच म्हणालो. त्यावर ते हसून म्हणाले, "मास्तर, इतके सोपे नाही." त्यांचे म्हणणे मला पुढे पटत गेले. माझ्या अल्प बुद्धीस जी कारणे दिसली ती आपणांपुढे मांडतो.

पहिले कारण, आपण मोजतो ते पुष्कळदा नुसते वय असते. कॅनडात मुलांचे गट वर्षवार पाडतात. 1 जानेवारीस जन्मलेला आणि 31 डिसेंबरास जन्मलेला एकाच गटात येतात. नवव्या वर्षी बारा महिन्यांचे अंतर म्हणजे हाडापेरात केवढे अंतर! थोराड मुलगा निवडला जातो, त्याला उत्तम शिक्षक मिळतात, अधिक खेळ मिळतो, आणि मग तो खरोखरच पुढे जातो. रॉजर बार्नस्ली नावाच्या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली ही गोष्ट जगापुढे मांडली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असे आढळले, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या कर्तबगारीच्या मानाने 40 हून अधिक क्रमांक खाली निवडले जात होते. आणि निवडल्या गेलेल्यांपैकी 400 सामन्यांचा पल्ला गाठण्याची शक्यता जानेवारी ते मार्चमधील मुलांपेक्षा त्यांचीच सुमारे दुपटीने होती. माझा नातू डिसेंबरातला. त्याला वरच्या संघातून वगळले, त्या रात्री तो मला म्हणाला, "आजोबा, मी वाईट खेळतो का?" मी काय उत्तर देणार? मी स्वतः चाळीसएक वर्षे जूनमध्ये पहिलीचा वर्ग पाहिला होता. पावणेसहा वर्षांच्या पोराला 'मंद' आणि पावणेसात वर्षांच्या पोराला 'हुशार' म्हणालो होतो.

दुसरे कारण, घाई. 1999 च्या निवडीत पहिला क्रमांक पॅट्रिक श्टेफान या चेक मुलाचा लागला. दुसरा व तिसरा क्रमांक सेडिन आडनावाच्या स्वीडिश जुळ्या बंधूंचा. श्टेफानला अटलांटाच्या अगदी नव्या संघात त्याच वर्षी उतरविले. त्या संघाने सबंध हंगामात 14 सामने जिंकले. सेडिन बंधू मात्र आणखी एक वर्ष आपल्या देशीच, आपल्या माणसांत खेळले आणि नंतर व्हँकुव्हरला आले. तेथेही पहिली काही वर्षे लोक त्यांना नावे ठेवीत; पण संघाने धीर सोडला नाही. पुढे 2010 साली हेन्रिक आणि 2011 साली डॅनियल गुणांच्या यादीत सर्व लीगमध्ये पहिले आले. श्टेफानच्या वाट्यास दुखापतीच फार आल्या. 455 सामन्यांत त्याची कारकीर्द संपली. 2007 साली मोकळ्या गोलासमोर त्याच्या हातून सुटलेली चकती तेवढी लोकांना आठवते. शरीराने दगा दिला त्यास त्या मुलाने काय करावे?

तिसरे कारण, शिकविणारे हात वारंवार बदलणे. 2012 साली पहिला निवडला गेलेला रशियन नेल याकुपोव्ह. पहिल्या, आखूड झालेल्या हंगामात त्याने 48 सामन्यांत 17 गोल केले. पुढे एडमंटनच्या त्या संघात चार हंगामांत चार प्रशिक्षक झाले. एकाने सांगावे असे खेळ, दुसऱ्याने सांगावे तसे खेळ. 2016 साली संघानेच त्याला सोडून दिले. एका वर्षात गणिताचे तीन शिक्षक बदललेला वर्ग ज्याने पाहिला आहे, त्यास याचे अधिक स्पष्टीकरण नको.

चौथे कारण मुलाच्या स्वतःच्या ठायी असते, ते मी लपवीत नाही. बरोबरीच्या मुलांत जो उपजत वेगाने जिंकतो, त्याला कष्टाची सवय लागत नाही. वर गेल्यावर सारेच वेगवान भेटतात. उलट 1999 च्याच निवडीत हेन्रिक झेटरबर्गचा क्रमांक 210 वा होता. तो 2008 च्या अजिंक्यपद-सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्टिन सेंट लुई यास ठेंगणा म्हणून कोणी निवडलेच नाही. 2004 साली तो लीगमधील सर्वोत्तम ठरला. या मंडळींना कोणी आधी डोक्यावर घेतले नव्हते, म्हणून पडण्याचे भय नव्हते.

आणि शेवटचे कारण, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 'निराशा केली' हा शब्द मुलाचा नसून आपला आहे. डेगल त्या लीगमध्ये 616 सामने खेळला. कॅनडातील लक्षावधी मुलांना एक सामनाही खेळावयास मिळत नाही. तो हरला तो आपल्या अपेक्षेशी हरला, आणि ती अपेक्षा त्याने एकट्याने उभारलेली नव्हती.

बंधूंनो, आता घरच्या गोष्टीकडे येतो. 1988 साली माझ्या वर्गातील, आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत तालुक्यात पहिला आला. मंडळाच्या समारंभात मी त्याला पुढे उभे केले आणि सांगितले, "हा उद्याचा कलेक्टर." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या दिवसापासून त्या मुलाने वर्गात शंका विचारणे सोडले. कलेक्टर होणाऱ्याने शंका कशी विचारावी? पुढे महाविद्यालयात पहिल्याच वर्षी तो गणितात नापास झाला. दोन वर्षे त्याने ते घरी सांगितले नाही. दिवाळीसही तो घरी येईना. आज तो विजेच्या मोटारी भरण्याचे दुकान चालवितो. सचोटीने चालवितो, मुलांना उत्तम शिकवितो. परंतु मंडळाच्या समारंभास तो कधी येत नाही. वाटेत भेटला की वाकून नमस्कार करतो आणि लगबगीने निघून जातो. त्याने माझी निराशा केली नाही. मीच त्याचा अपराधी आहे. ही गोष्ट मी आज प्रथमच चारचौघांत बोलतो आहे.

उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे एक सूचना येणार आहे, की लहानसहान बक्षिसे बंद करून पारितोषिक निधीचे सर्व व्याज दहावीत पहिल्या येणाऱ्या एकाच विद्यार्थ्यास द्यावे, आणि त्याचे मोठे चित्र चौकात लावावे. सूचना मांडणारे सज्जन माझे स्नेही आहेत. त्यांचा हेतू शुद्ध आहे. तरीही मी नम्रपणे विरोध नोंदवितो. माझी विनंती अशी, की व्याजाचे तीन भाग करावे. एक भाग आजच्याप्रमाणे गुणवंतांना द्यावा. दुसरा भाग फेरपरीक्षा देऊन पुढे आलेल्यांना द्यावा. तिसरा भाग राखून ठेवावा आणि महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी ज्याचे पाऊल अडखळते त्याची फी त्यातून भरावी. आपण मुलांना दारापर्यंत वाजतगाजत नेतो आणि आत गेल्यावर त्यांचे काय झाले हे विचारीत नाही.

पालकांना माझी हात जोडून विनंती, की मुलाने जे केले त्याचे कौतुक अवश्य करा. तो पुढे काय होईल हे जाहीर करू नका. आणि विद्यार्थिमित्रांनो, आज ज्यांना बक्षीस मिळाले त्यांनी ते आनंदाने घरी न्यावे, आणि उद्या वर्गात पहिली शंका विचारावी. ज्यांना मिळाले नाही त्यांनी 210 हा आकडा लक्षात ठेवावा.