'उत्तम'वर खूण



रुग्णालयातून घरी सोडायचं ठरलं की एकच धांदल उडते. बिलाच्या खिडकीशी रांग, विमा कंपनीच्या मंजुरीची वाट, एका हातात फाईल, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. तेवढ्यात कुणीतरी कागद पुढे करतं, 'आमची सेवा कशी वाटली?' पेशंटचा मुलगा उभ्याउभ्या 'उत्तम'वर खूण करून मोकळा होतो. आठवड्याने टाके काढायला इथंच यायचंय. वाईटपणा कोण घेणार?

आदल्या रात्री सलाईन संपलं, नळीत रक्त चढायला लागलं आणि सिस्टर कुठे आहेत हे शोधत त्यानेच दोन वॉर्ड पालथे घातलेले असतात. पण ते लिहायला त्या कागदावर जागा नसते, कारण ते कुणी विचारलेलंच नसतं.

अमेरिकेत हार्वे आणि जीन पिकर या दांपत्याने नेमकं हेच हेरलं. हार्वे क्ष-किरण यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे एकेकाळचे प्रमुख, तर जीन दीर्घकाळ आजारी. उपचार उत्तम, पण पेशंटला विचारतो कोण, हा त्यांचा अनुभव. त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कामातून १९९१मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. ६२ रुग्णालयांतून घरी गेलेल्या सहा हजारांवर रुग्णांना फोन केले होते. त्यात नुसतं 'समाधानी आहात का?' विचारून भागवलं नव्हतं. काय घडलं, काय राहून गेलं, ते विचारलं. औषध कशासाठी ते समजावलं का? घरी काय त्रास झाला तर परत यायचं, हे सांगितलं का? पुढे सरकारनेही ही रीत उचलली. २००८पासून तिथं अशी उत्तरं रुग्णालयांच्या नावानिशी जाहीर होतात.

या पद्धतीचा फायदा उघड आहे. 'इथं लक्ष देत नाहीत' या तक्रारीवर कुणी काय करणार? पण 'रात्री दोनला घंटा वाजवली, अर्ध्या तासाने सिस्टर आल्या', असं चार-पाच जणांनी सांगितलं, तर रात्रपाळीला माणसं कमी पडताहेत हे कळतं आणि ते सुधारता येतं.

आपल्याकडेही रुग्णाला नियमांचे आधार आहेत. महाराष्ट्रात २०२१च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला हवं. उपचारांची कागदपत्रं मागितली, तर डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यावीत, असा नियम २००२पासून आहे.

पण काय घडलं ते नेमकं सांगता यावं, म्हणून पेशंटपाशी बसणाऱ्याने एक वही जवळ ठेवावी. तारीख, वेळ, वॉर्ड आणि काय घडलं, एवढंच लिहावं. शेरे मारू नयेत. चांगलं घडलं तर तेही लिहावं. आणि रुग्णालयांनी तो अभिप्रायाचा कागद बिलाच्या खिडकीवरून उचलावा. पंधरा दिवसांनी, पेशंट घरी सावरल्यावर, त्या वॉर्डशी संबंध नसलेल्या माणसाने फोन करावा. खरं उत्तर तेव्हाच मिळेल.