बाथरूमची फरशी : देखणी, टिकाऊ आणि पाय न घसरणारी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील घरगुती व्याख्यानमालेत आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मी बाथरूमच्या फरशीवर बोलणार म्हटल्यावर सचिवसाहेब हसले. म्हणाले, "साहेब, हा काय व्याख्यानाचा विषय आहे का?" मी म्हणालो, पंचवीस वर्षांपूर्वी नव्हता, आता झालाय. आपण इथं राहायला आलो तेव्हा बहुतेकजण चाळिशीच्या आसपास होतो. आता पासष्टी गाठली. फरश्याही आपल्याबरोबर म्हाताऱ्या झाल्या. म्हणून सध्या दर दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या मजल्यावर हातोडा वाजतोच. तर बघा, नवी फरशी बसवायची वेळ आणि आपले पाय लटपटायची वेळ एकदमच आलेली आहे.

मी लातूर आणि नांदेडला मिळून तीस वर्षं साइटवर काढली. तरी चूक केली ती स्वतःच्याच घरात. चार वर्षांपूर्वी आम्ही बाथरूम नवं केलं. दुकानात एक हस्तिदंती रंगाची, आरशासारखी चकचकीत टाइल दिसली. सौ.ला आवडली, मलाही आवडली. दुकानातल्या पोरानं ती भिंतीसाठी आहे असं सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू. पण "खालीवर एकच मॅचिंग" करायची हौस माझी. तिसऱ्या महिन्यात आई अंघोळ करून उठताना घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आज ती काठी घेऊन चालते. देवाची कृपा. पण तेव्हापासून आई दार लावून अंघोळ करत नाही. दाराशी कुणीतरी बसावं लागतं. आयुष्यभर कुणासमोर पदर ढळू न दिलेली बाई, तिला हे किती लागत असेल ते मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या एका हौसेची ती किंमत आहे, आणि ती मी भरत नाही, ती भरते.

आता मागं वळून बघा. आपल्या आजीच्या वाड्यात न्हाणी असायची. कोपऱ्यात बंब, शेजारी घंगाळ, खाली शहाबादी फरशी. ही फरशी कलबुरगी जिल्ह्यातल्या शहाबादची, आणि तिची चुलत बहीण तांदूरची, आज तेलंगणात आहे ती. १९५६ पर्यंत शहाबाद, तांदूर, नांदेड, लातूर हे सगळं एकाच हैदराबाद राज्यात होतं, म्हणजे हा आपल्या घरचाच दगड. हा चुनखडीचा दगड खाणीतून थरांनी निघतो, त्यामुळं त्याचा वरचा भाग आपसूकच जरा खरबरीत राहतो. ओल्या टाचेला पकड मिळते. आजी त्याच फरशीवर टाचा घासायची. पुढं आपण त्याच दगडाला पॉलिश करायला लागलो आणि त्याचा तो गुण घालवला. आजही कुणाला शहाबादी किंवा कोटा बसवायचा असेल तर बाथरूममध्ये तो बिनपॉलिशचा घ्या. फक्त एक पथ्य: त्याच्यावर ॲसिड नको. चुनखडीवर ॲसिड पडलं की फेस येतो, तो मळ निघत नसतो बरं का, दगडच विरघळत असतो.

ॲसिडवरून पाण्याकडं येतो, कारण आपल्याकडचा खरा खलनायक पाणी आहे. मंजराचं किंवा गोदावरीचं नळाचं पाणी आपण प्यायला राखतो आणि बाथरूमला बोअरचं सोडतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. असल्या पाण्यात साबणाचा फेस येत नाही, उलट क्षार आणि साबण मिळून एक चिकट साय तयार होते आणि ती फरशीवर बसते. वाळली की पांढरी दिसते, भिजली की बुळबुळीत. म्हणजे पुण्या-मुंबईच्या पाहुण्याकडं जी टाइल चालली ती आपल्याकडं चालेलच असं नाही.

लातूरला बहिणीकडं मी हे फार जवळून बघितलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ती तुम्ही टीव्हीवर बघितली असेल. त्या उन्हाळ्यात बहिणीकडं अंघोळीचं पाणी टबात धरून संडासाला वापरायचे. फरशीवर भरपूर पाणी ओतून ती धुणं ही चैनच होती. धुतली न गेलेली फरशी रोज थोडी थोडी जास्त निसरडी होत गेली. तेव्हापासून मी म्हणतो, फरशी अशी हवी जी कमी पाण्यातही साफ राहील. फार खोल नक्षीची, खाचाखोचांची टाइल म्हणूनच घेऊ नका. तिच्या खाचांत मळ धरतो आणि तो काढायला बादल्या लागतात.

मग घ्यायची कुठली? दुकानात तीन शब्द ऐकायला मिळतील: ग्लॉसी, मॅट, अँटिस्किड. ग्लॉसी भिंतीला लावा, सुखानं लावा. मॅट म्हणजे फक्त चमक नसलेली. ती घसरत नाहीच असं नाही. इथं बरेचजण फसतात. अँटिस्किड असं म्हणून कुणी दिली तर खोक्यावर किंवा कंपनीच्या पुस्तकात 'आर' पुढचा आकडा बघा. ही जर्मन पद्धतीची चाचणी आहे. तेल टाकलेल्या उतरत्या फळीवर माणसाला बूट घालून चालवतात आणि किती अंशांच्या उतारापर्यंत तो टिकतो ते मोजतात. आर ९ सगळ्यात खालची पायरी, आर १० म्हणजे १० ते १९ अंश, आर ११ म्हणजे १९ ते २७. आर १३ पर्यंत पायऱ्या आहेत, पण वरच्या पायऱ्या कारखान्याच्या कामाच्या. अंघोळीच्या जागेला आर ११ असेल तर उत्तम, निदान आर १० तरी. अनवाणी पायाची, साबणाच्या पाण्याची चाचणी वेगळी असते, तिला ए, बी, सी अशी अक्षरं आहेत. अंघोळीला बी पाहिजे. आपल्याकडच्या दुकानदाराला ही अक्षरं माहीत असतीलच असं नाही. तेव्हा नमुन्याची एक टाइल घरी मागा. बाथरूममध्ये ठेवा, आपल्याच बोअरचं पाणी ओता, आपलाच साबण फासा आणि अनवाणी पाय ठेवून बघा. शेजारी कुणीतरी हात धरायला असू द्या, नाहीतर चाचणीतच पडाल!

दुसरा गुण पाणी पिण्याचा. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते, भिंतीची साधी सिरॅमिक दहा टक्क्यांच्या वर. म्हणून खाली व्हिट्रिफाइड किंवा फरशीसाठीच बनवलेली सिरॅमिक.

आकाराचं म्हणाल तर सध्या दोन बाय चार फुटांची फॅशन आहे. हॉलमध्ये छान दिसते. पण बाथरूमला ढाळ लागतो, आणि तो चारही बाजूंनी जाळीकडं. एवढी मोठी टाइल चारीकडून कशी वाकणार? मग गवंडी ढाळ कमी करतो आणि पाणी कोपऱ्यात साचतं. बारा बाय बाराची टाइल घ्या. ढाळ नीट येतो, सांधे जास्त येतात आणि सांध्यांनाही पायाला पकड मिळते. ढाळ पाच-सहा फुटांना एक इंच धरा. जाता जाता सांगतो, त्या जाळीखालच्या भांड्याला सगळ्या देशातले प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीचा शब्द असा लांबवर गेलाय.

सांधे एपॉक्सीनं भरून घ्या. खर्च वाढतो, पण सिमेंटचा सांधा ॲसिडनं दोन-तीन वर्षांत खाऊन जातो. आणि एकदा सांधा गेला की पाणी खाली जातं. खाली म्हणजे कुठं? खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या छतात.

हा विषय नाजूक आहे, पण पंचवीस वर्षं एकत्र राहिलोय म्हणून बोलतो. आपल्या जुन्या फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे, तोच वॉटरप्रूफिंग. फरशी फोडताना मजूर ब्रेकर चालवतो आणि कोबा तडकतो. आदर्श उपविधी बघा: बाहेरच्या सामाईक पाइपाची आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेनं बघायची, आपल्या घरातल्या बाथरूमची आपण. तेव्हा नवी टाइल बसवण्याआधी वॉटरप्रूफिंग नव्यानं करा, ट्रॅपचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी कोंडून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत बघून या. पाणी वाया जातं असं वाटलं तर त्याच पाण्यानं नंतर जिना धुवा. फोडाफोड टाळायला काहीजण टाइलवरच टाइल बसवतात. चालतं, पण उंची अर्ध्या इंचाहून जास्त वाढते. उंबरा तेवढा बुटका होतो आणि पाणी बेडरूममध्ये येतं. आधी मोजून घ्या. जुनी टाइल नाण्यानं वाजवून बघा, पोकळ वाजली तर तिच्यावर काही बसवू नका.

रंगाचं थोडक्यात. काळ्यावर क्षाराचे पांढरे डाग उठून दिसतात, पांढऱ्यावर पिवळे. मधला करडा, मातकट, ठिपक्यांचा रंग घ्या. भिंत आणि फरशी मात्र एका रंगाची नको. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना भिंत कुठं संपली आणि जमीन कुठं सुरू झाली ते कळत नाही. माझं मॅचिंग इथंही चुकलं होतं.

दर मी मुद्दाम सांगत नाही, स्मरणिका छापून येईपर्यंत बदलतील.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. एका भगिनींनी विचारले, "आम्हाला आत्ता फोडायचं नाही, मग काय करावं?")

चांगला प्रश्न. तीन-चार गोष्टी करा. अंघोळ झाली की वायपरनं पाणी ओढायचं, ही सवय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणी. भोकाची रबरी चटई टाका, पण ती रोज उभी करून वाळवा, नाहीतर तिच्याखालीच शेवाळ धरतं. बसून अंघोळ करायला रुंद पायांचा स्टूल घ्या. आधाराची दांडी पक्क्या विटेच्या भिंतीत अँकर मारून बसवा. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नका, ती टॉवेलापुरतीच असते. आणि कडी अशी लावा की वेळ आली तर बाहेरून उघडता येईल.

("मग आईंसाठी तुम्ही कुठली बसवली?")

बारा बाय बाराची, करड्या रंगाची, आर ११. आई म्हणाली, जुन्या वाड्यातल्यासारखी दिसते. दार अजून ती लावत नाही. पण मागच्या महिन्यापासून ते अर्धं लोटून घेते.

चार कंपन्यांच्या नमुन्याच्या टाइल संस्थेच्या ऑफिसात ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी दहानंतर मी तिथं असेन. बादली आहे, साबण आपापला आणा.