डोक्यावरचा चट्टा आणि कामगाराचा मान

(इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेले भाषण)



पगार, भत्ते, बदल्या यांवर आम्ही नेहमीच बोलतो. आज एका दुर्मीळ रोगाविषयी बोलणार आहोत. त्याचे नाव फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्स. फ्रान्सचे डॉक्टर कँको यांनी १८८८ साली त्याचे वर्णन केले. नाव अवघड असले तरी खुणा ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, पू होतो, खपली धरते, दुखते, खाजते. मधली कातडी गुळगुळीत होते आणि कडेने रोग पसरत जातो. कधी एकाच छिद्रातून ब्रशासारखा केसांचा झुपका निघतो. चाई पडली तर केस पुन्हा येऊ शकतात, कारण मूळ शाबूत असते. इथे मूळच नष्ट होते, व्रण राहतो आणि गेलेला केस परत येत नाही. म्हणून दिरंगाई परवडत नाही.

हीललिगे स्टेशनजवळ रुळांवर राबणारा ट्रॅकमन असो की ५६०१०० पिनकोडचे टपाल वाटणारा पोस्टमन, असा चट्टा पडला की तो टोपी काढत नाही. बरोबरीचे लोक डबा घेऊन दूर बसतात. हे बरे नव्हे. त्या पुळ्यांत स्टॅफिलोकॉकस जंतू बहुधा सापडतो, पण तो कित्येक धडधाकट माणसांच्या नाकातही असतो. रोग्याच्या शरीराची संरक्षक यंत्रणाच त्याच्यावर बिथरते, असे डॉक्टर मानतात. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि अस्वच्छतेमुळे होत नाही.

तेल, लेप, दुकानातले मलम यांत महिने घालवू नका. रेल्वे कामगाराने हेल्थ युनिटमधून त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी मागावी. टपाल कामगाराने आपल्या वैद्यकीय सवलतीतून जावे. डॉक्टर पुवाची तपासणी करतात, कातडीचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. औषधे कित्येक आठवडे चालतात. त्यांत कधी रिफॅम्पिसिन असते. ते क्षयाचेही औषध आहे, म्हणून घाबरू नका. लघवी नारिंगी होते, तेही त्याच औषधाने. मात्र ते मनाने घेऊ वा सोडू नका. रोग पुन्हा उचल खातो, म्हणून तपासणी चालू ठेवा.

प्रत्येक शाखेने एवढे करावे: अशा साथीला चिठ्ठी आणि रजा मिळवून द्यावी, आणि त्याची चेष्टा होऊ देऊ नये. गेलेले केस आम्ही परत आणू शकत नाही. उरलेले केस आणि त्याचा मान राखणे आपल्या हातात आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!