वाळवंटीच्या पात्रातील पट्टेदार दगड



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या आपल्या विज्ञानाच्या सरांची एक आठवण सांगून विषयाला हात घालतो.

साखळीला वाळवंटी नदीच्या पात्रात मला एक गोटा सापडला. त्यावर तांबूस आणि काळसर पट्टे एकाआड एक होते. सर म्हणाले, "नदीचा गाळ थरावर थर साचून घट्ट झाला आहे." आम्ही ते वहीत उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी तोच गोटा घेऊन सर वर्गात आले. "काल मी घाईने सांगितले. ते खोडा," असे म्हणून त्यांनी आमच्यासमोर परीक्षा मांडली. तेवढ्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा गोटा जड भरला. भिंगातून वाळूचे कण दिसेनात. तेव्हा तो वालुकाश्म नव्हे. विरल आम्लाने बुडबुडे आले नाहीत; चुनखडकही नव्हे. तांबूस पट्ट्यावर चाकूचा ओरखडा उमटेना, ती सिलिका. काळसर पट्टा फरशीच्या खरबरीत पाठीवर घासताच विटकरी रेघ उमटली. ते हेमेटाइट, म्हणजे लोहखनिज.

हा पट्टेदार लोहशैल. आपल्या खाणींवर त्याला 'बीएचक्यू' म्हणतात. तो स्तरित खडकच आहे. परंतु त्याचे थर नदीने नव्हे, सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्राने घातले. त्या समुद्रात लोह विरघळलेले होते. सूक्ष्म जीवांनी सोडलेल्या प्राणवायूशी संयोग होऊन ते गंजले व तळाशी बसले, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पट्टे एकाआड एकच का पडले, याविषयी मात्र अद्याप मतभेद आहेत. पुढे युगानुयुगे पावसाने या खडकातील सिलिका धुऊन नेली, तेथे गोव्याचे समृद्ध लोहखनिज तयार झाले. नदीने केवळ डोंगरातला तुकडा वाहून आणून गुळगुळीत केला.

त्या खनिजावर आपल्यापैकी कित्येकांची घरे उभी राहिली. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा त्याच घरांत चिंता शिरली. ज्या दगडावर आपण जगलो, तो ओळखणे हे आपले कर्तव्यच आहे.

माझ्या त्या वहीत खोडलेली ओळ अजून आहे. दगडाची ओळख मी पुढे कुठेही शिकलो असतो. परंतु चाळीस मुलांसमोर स्वतःचे वाक्य खोडायला लावणारे गुरू मला येथेच भेटले. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.