दुर्बिणीची बोटभर नळी



जळगांवहून भुसावळकडे जातांना वाटेंत नशिराबाद लागतें. तेथील एका धाब्यावर मांडलेल्या लहानशा दुर्बिणीची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. दुर्बीण माझीच. तिचा आरसा १५० मिलिमीटर व्यासाचा आणि नाभ्यंतर ७५० मिलिमीटर.

२१ डिसेंबर २०२० रोजीं सायंकाळीं गुरु व शनि हे ग्रह एकमेकांपासून अवघ्या एक दशांश अंशावर आले होते. इतके निकट ते १६२३ नंतर प्रथमच आले, आणि पुन्हां तसे येतील ते २०८० सालीं. दोघांस एकाच छायाचित्रांत धरावें या हौसेनें मी सूर्यास्तापूर्वींच धाब्यावर जाऊन बसलों. अंधार पडला; नेत्रिकेंतून पाहिलें तों शनीचें कडें स्वच्छ दिसलें. मग कॅमेरा जोडला, शंभरावर चित्रें घेतलीं आणि ग्रह मावळल्यावर तीं पाहूं लागलों. एकूणएक चित्रांत दोन पुसट ठिपके! तशी संधि मला या जन्मीं पुन्हां लाभणार नाहीं.

प्रथम मीं आरशास दोष दिला. कर्ज काढून मोठा आरसा घ्यावा, असेंही मनांत आलें. परंतु दोष आरशाचा नव्हता. प्रतिमा जुळविण्यासाठीं जी बोटभर नळी आपण पुढें-मागें सरकवितों, तिचा होता. हिलाच फोकसर म्हणतात.

डोळा क्षमाशील आहे. प्रतिमा किंचित् पुढें-मागें पडली तरी तो आपलें भिंग आकुंचित वा सैल करून ती जुळवून घेतो. कॅमेऱ्याच्या पटलास ही शक्ति नाहीं. माझ्यासारख्या दुर्बिणींत, जेथें नाभ्यंतर आरशाच्या व्यासाच्या पांचपट असतें, तेथें पटल सुमारें ०.०७ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांतच असावें लागतें. स्वस्त फोकसर दंतपट्टी व दंतचक्र यांवर चालतो. दांत्यांत ढिलेपणा असतो. कॅमेऱ्याचा भार पडला कीं नळी झुकते, कधीं घसरतेही. त्यांतच आमच्या खानदेशांत हिवाळ्याची दुपार उबदार आणि रात्र बोचरी! दुर्बिणीचें ॲल्युमिनियमचें नळकांडें दहा अंशांनीं निवलें तर सुमारें ०.१७ मिलिमीटर आखडतें, म्हणजे त्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक.

यावर उपाय काय? जुनें चिकट ग्रीस पुसून नळीखालीं पातळ पट्टी सरकविली, तर ढिलेपणा बराच जातो. प्रथम तेवढें करून पाहावें. न भागल्यास क्रेफर्ड पद्धतीचा फोकसर बसवावा. इंग्लंडांतील क्रेफर्ड येथील हौशी खगोलप्रेमी जॉन वॉल यांनीं १९७० च्या सुमारास ही रचना केली आणि पेटंट न घेतां ती सर्वांस मोकळी ठेविली. तींत दांते नाहींतच. एका बाजूस चार लहान बेअरिंगें, दुसऱ्या बाजूस नळीवर दाबून धरलेला गुळगुळीत दांडा. केवळ घर्षणानें नळी सरकते. जोडीस दशांश गतीची सूक्ष्म चावी असावी, आणि नळी जागीं धरणारा स्क्रूही असावा.

हा फोकसर उंचीनें ठेंगणाच घ्यावा. आरसावाल्या कॅमेऱ्याचें पटल, जोडकडें धरून, सुमारें ५५ मिलिमीटर आंत असतें. उंच फोकसरांत तें नाभीपर्यंत पोहोंचतच नाहीं. नवीं भोकें पाडण्यापूर्वीं दोन्ही आरसे काढून ठेवावे, नाहींतर धातूचा कीस त्यांवर पडेल. मागाहून आरसे पुन्हां एका रेषेंत आणावे. नंतर रशियाचे पावेल बाख्तिनोव यांच्या नांवाची खांचांची जाळी दुर्बिणीच्या तोंडावर ठेवून एखादा तेजस्वी तारा पाहावा. प्रकाशाच्या तीन रेषा दिसतील. मधली रेषा बरोबर मध्यावर आली कीं जुळणी झाली. थंडी वाढत असेल तर अर्ध्या-अर्ध्या तासानें हें पुन्हां तपासावें.

२२ जानेवारी १८९८ रोजीं पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं जेऊर येथें खग्रास सूर्यग्रहणाचें निरीक्षण केलें. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यांत चुकलेली जुळणी सुधारावयास अवसर कोठला? सारी सिद्धता आधींच हवी.

माझ्या दुर्बिणीस आतां नवी नळी बसली आहे. तें दोन पुसट ठिपक्यांचें चित्र मात्र मीं भिंतीवर लावून ठेविलें आहे. मोठ्या आरशाचा मोह झाला कीं मी त्याकडे पाहतों, आणि धाब्यावर जाऊन आधीं नळीचे स्क्रू तपासतों.